सुनंदाला न आवडलेली कादंबरी

पक्षाघाताने सुनंदाची वाचा गेली. कॉलेजपासून आम्ही मैत्रिणी पुस्तकांवरूनच भांडत आलो, म्हणून मी अजूनही तिच्यापाशी बसून वाचलेल्या कादंबऱ्यांबद्दल बोलते. परवा म्हटलं, "त्या रहस्यकथेतला खुनी मला लगेच कळला. ऐतिहासिक कादंबरीत नुसत्या लढायाच गं! पण तू आजारपणाआधी दिलेली प्रेमकथा आवडली. शेवटी रडले मी."

सुनंदाने जोरात मान हलवली. तिला ती आवडली नव्हती.

"का? शेवट खोटा वाटला?"

नाही.

"मग नायिका?"

नाही. ओठ थरथरले, नुसता घोगरा आवाज आला. मी विचारत राहिले. शेवटी थकून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी येऊन ती कादंबरी पुन्हा वाचायला घेतली. पानापानावर थांबते, हेच खटकलं असेल का तिला?