मागच्या सीटवरचे काका

काका कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. चहाच्या कपाला, कुकरला, तापलेल्या पोराच्या कपाळाला आणि कुणाचीही मोटरसायकल दिसली की तिच्या इंजिनाला. हाताची मागची बाजू टेकवून, डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे आणि मग निकाल द्यायचे. सरळ हात का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तळहात पोळला तर काम कुणी करायचं?"

बडोद्याबाहेर कोयलीकडच्या रिफायनरीत त्यांनी सारी नोकरी पंप फिटर म्हणून केली होती. निवृत्त झाल्यावर बडोद्यातल्या मांजलपुरात, आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा अहमदाबादला. मराठी अगदी घरंदाज, पण मध्येच गुजराती डोकावायचं. "उतावळ शेनी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणजे, एवढी घाई कसली? पाणी गेलं, लिफ्ट अडकली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघे हातघाईवर आले, तरी काका एवढंच म्हणायचे. तुमच्याही सोसायटीत असं कुणी असेल तर त्यांच्याकडे जरा लक्ष असू द्या. मी दिलं नाही, म्हणून सांगतो.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या गरजेपोटी. तोवर सतरा वर्षं माझी बायको मला स्कूटरवरून रावपुऱ्यातल्या ऑफिसात सोडत होती. मला गाडी येत नव्हती. लहानपणी सायकलवरून एकदा पडलो होतो, तेवढं कारण मला पुरलं होतं. सोसायटीत मला "पार्सल" म्हणतात हेही मला ठाऊक होतं. मग बायकोची करजणला बदली झाली. "अहो, उद्यापासून मी स्टेशनवर जाणार. तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. रिक्षा होत्या, बस होती. पण त्रेचाळिसाव्या वर्षी मला एकदम पुरुषार्थ आठवला आणि मी जाहीर केलं की मोटरसायकल घेणार. सेकंड हँड, शंभर सीसीची.

काका लगेच तयार झाले. दोन रविवार आम्ही गाड्या पाहत हिंडलो. आदल्या दिवशी ते मालकाला फोन करत, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका हं." तरी तिथे गेल्यावर आधी इंजिनाला उलटा हात. गरम लागलं की वळायचे आणि "चाल" म्हणून चालू पडायचे. रस्त्यात मला समजावायचे, "थंड गाडी जी चालू होत नाही, ती लोक सकाळीच तापवून ठेवतात. आपल्याला फक्त एवढंच बघायचं. बाकी रंगबिंग जाऊ दे."

तिसऱ्या रविवारी काकांना ताप होता. मी एकटाच गेलो. मालक निघाले मराठी, एका खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. "या या, आपलीच माणसं!" पाच मिनिटांत त्यांची मेहुणी माझ्या मामेभावाच्या सासरची निघाली. पोहे आले, वर भरपूर शेव. काकांनी शिकवल्याप्रमाणे मी इंजिनाला हात लावला. चटका बसला. म्हणजे मला सगळं कळलं होतं. पण तेवढ्यात वहिनींनी दुसऱ्यांदा पोहे वाढले, आणि ज्यांचे पोहे खाल्ले त्यांना तुमची गाडी सकाळीच तापवलेली आहे असं कसं म्हणायचं? आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना हे जन्मात जमत नाही. तिथे एखादा गुजराती असता तर पोहेही खाल्ले असते आणि गाडीही सोडून आला असता.

"एक चक्कर मारून बघा ना," मालक म्हणाले.

"छे छे, तुमच्यावर विश्वास आहे," मी म्हणालो. मला चक्कर मारताच येत नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही. गाडी न्यायची वेळ आली तेव्हा मी पाठ दुखत असल्याचं सांगितलं. शेवटी मालकांनीच गाडी चालवली आणि मी कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसलो. स्वतःच्या पहिल्या गाडीवरून मी असा घरी आलो. सोसायटीच्या गेटवर काका शाल पांघरून उभे होते.

मालक गेल्यावर त्यांनी सायलेन्सरमधून येणारा निळा धूर पाहिला. मला वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी विचारलं, "पोहे होते की उपमा?"

"पोहे."

"मग बराबर."

पुढचे दोन आठवडे पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पसरून काकांनी ते इंजिन उघडलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, पुन्हा बसवलं. मी शेजारी नट सोडवायचे पाने हातात घेऊन उभा राहायचो आणि चौदा नंबरचा मागितला की बाराचा द्यायचो. त्या दोन आठवड्यांत काका रोज दाढी करायला लागले होते. हे माझ्या नाही, बायकोच्या लक्षात आलं.

मग शिकवणी. पहाटे मैदानावर काका माझ्या मागे बसायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्यासारख्याच्या मागे बसतो, याला काय म्हणावं? मी क्लच सोडायचो, गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची आणि माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटायचं. "उतावळ शेनी? हळू सोड. परत." परत म्हणजे सकाळी तीस-चाळीस वेळा परत. एकदाही आवाज चढला नाही. माझ्यावर इतका वेळ कधी कुणी खर्च केला नव्हता.

रस्त्यावर जायची वेळ आली तेव्हा मी हात जोडले. एकट्याने जमणार नाही म्हणालो. काका म्हणाले, "कच्चं लायसन्स आहे तोवर मागे पक्कं लायसन्सवाला पाहिजेच. मी येतो." आणि रोज सकाळी ते माझ्याबरोबर ऑफिसला यायला लागले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, डब्याची छोटी पिशवी. ऑफिसच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचे. ऑफिसातल्या लोकांना दिसू नये म्हणून ही सोय त्यांनी आपणहून केली होती. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर उभे असायचे.

"दिवसभर काय करता, काका?"

"मला इकडे खूप कामं असतात."

कामं काहीच नव्हती. एकदा दुपारी बँकेच्या कामाला बाहेर पडलो तेव्हा ते सुरसागर तळ्याच्या काठावर बाकावर बसून डबा खाताना दिसले. मी हाक मारली नाही. त्यांना अवघडल्यासारखं होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला उशीर होत होता.

पुढे मला पक्कं लायसन्स मिळालं. तरी काका बसतच राहिले. मीही उतरा म्हणालो नाही, कारण ते मागे असले की गाडी सरळ जायची.

मग एक दिवस बाथरूममध्ये ते पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा अहमदाबादहून गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना काका त्याला सांगत होते, "चार दिवस फक्त. याला ऑफिसला कोण नेणार?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपलांकडे पाहिलं.

सोमवारी मी पहिल्यांदा एकटा निघालो. मागे वजन नव्हतं, त्यामुळे गाडी परकी वाटत होती. पण पोहोचलो. पोहोचलो याचा मला इतका अभिमान वाटला की स्टँडवर लावल्या लावल्या काकांना फोन केला.

"काका, एकटा आलो!"

"एकटा? लालबागच्या पुलावरून?"

"पुलावरून."

"बंद नाही पडली कुठे?"

"एकदाही नाही."

मग ते म्हणाले, "सारुं, सारुं. मग आता काही प्रश्न नाही." त्यांना आनंद झाला आहे असं मला वाटलं आणि मी जिना चढून कामाला लागलो.

आठवड्याने त्यांच्या मुलाचा फोन आला. आभार मानायला. "तुम्ही बरं केलंत, बोललात ते. बाबा रोज बॅग भरून दाराशी बसत होते, बडोद्याला जायचंय म्हणून. तुमचा फोन आला आणि त्यांनी कपडे परत कपाटात ठेवले. आता कुठे जायचं म्हणत नाहीत. झोपूनच असतात."

मी "हो का" म्हणालो. शनिवारी भेटून येऊ असं ठरवलं, तो शनिवार गेला, पुढचाही गेला. तिसऱ्याच्या आधी काका गेले.

आता त्या गाडीवर मी बायकोला स्टेशनवर सोडतो आणि आणतो. गाडी सकाळी थंडीतही पहिल्या किकला चालू होते. सोसायटीतले लोक विचारतात, किती दिवसांत शिकलात हो? मी काहीतरी आकडा सांगतो. पण तुम्हाला खरं सांगतो, कारण काकांना सांगायचं राहून गेलं. त्या सोमवारी पुलाच्या चढावर माझी गाडी तीन वेळा बंद पडली होती, आणि शेवटी एका ट्रॅफिक पोलिसाने धक्का मारून मला वर चढवलं होतं.