बाबांची झोप आणि भावाचा बँड

आमच्या घरात मोठ्यानं बोलायची मुभा बाबांच्या शिफ्टवर ठरायची. बाबा स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या धडधडाटात कामाला होते. नाइट शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी परतत, वरण-भात खाऊन झोपत, आणि सेक्टर 10 मधलं आमचं प्लांटचं क्वार्टर दुपारपर्यंत श्वास रोखून बसे. कुकरची शिटी नको म्हणून आई डाळ पातेल्यात शिजवी. दाराची कडी बोटानं धरून हळूच सोडायची. आम्हाला गप्प करायला आईला बोलावंही लागत नसे. ती नुसतं ओठांवर बोट ठेवी. आम्हा बहीण-भावाची भांडणंसुद्धा मुकी असत. केस ओढायचे, चिमटे काढायचे, पण तोंडातून ब्र काढायचा नाही.

अशा घरातला माझा धाकटा भाऊ मोठा होऊन बँडमध्ये ओरडायला लागला, याचं मला तरी नवल वाटलं नाही. आईला वाटलं. त्यात हा बँड 'इमो'. म्हणजे काळे टी-शर्ट, डोळ्यांवर केस आणि जिवाला लागलेलं सगळं गळा फाडून सांगणारी गाणी.

"दुःख असं चौकात सांगतात काय?" आई म्हणाली.

"घरी कुठं सांगता येते, आई? घर में तो सब सोए रहते हैं," भाऊ हसत म्हणाला. आईही हसली. मला काही हसू आलं नाही.

बाबा रिटायर झाले आणि आम्ही शहराच्या कडेला, बोरसीला स्वतःच्या घरात आलो. आता शिफ्ट नव्हती, तरी भाऊ दार लावून, आवाज न वाढवता गिटार वाजवायचा. सवयच ती. गंमत म्हणजे बोरसीच्या शांततेत बाबांनाच झोप येईना. "मिल चालू असली की डोळा लागते, बंद पडली की उघडते," ते म्हणत. मिल बंद पडणं म्हणजे ब्रेकडाउन, सगळ्यांनी उठून धावायचं. इतक्या वर्षांचं ते वळण अंगातून कसं जाणार?

मग भावाला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी बँडचा एक शेवटचा कार्यक्रम ठरला, हथखोजच्या कारखान्यांच्या भागात, ड्रम वाजवणाऱ्याच्या काकांच्या रिकाम्या शेडमध्ये. बाबांनी एकदा आपल्याला ऐकावं, एवढंच भावाला हवं होतं. तसं तो बोलला नाही. पण कार्यक्रमाच्या रविवारी चहा पिताना त्यानं मला विचारलं, "बाबा येऊन राहिले ना?" आणि बूट घालताना पुन्हा विचारलं.

बाबा आले. लग्नाला जावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आईनं घरूनच कानांत कापूस घातला होता. ऐकायला आलेली सगळी पोरं उभी होती. आम्हा तिघांना तेवढ्या अगदी पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि वरचे पत्रे थरथरायला लागले. भाऊ जीव तोडून गात होता. शब्द एक कळत नव्हता, पण माझ्या अंगावर काटा आला. हा आमच्या घरातला आवाज होता आणि मी तो पहिल्यांदा ऐकत होते.

दुसऱ्या गाण्यात मी बाबांकडे पाहिलं. मान छातीवर, तोंड किंचित उघडं. गाढ झोपले होते.

मला असा राग आला! जन्मभर आम्ही या माणसाची झोप सांभाळली, आणि आज, आजच्या दिवशी यांना झोप यावी? हलवून उठवायला मी हात उचलला, पण चेहरा पाहून थांबले. इतके निवांत झोपलेले बाबा मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

तेवढ्यात आईचंही लक्ष गेलं. आणि तिचं बोट आपोआप ओठांवर गेलं. ती समोर स्टेजवर बघत होती.

भावानं ते बोट पाहिलं. बाबांना पाहिलं. ओरडता ओरडता त्याचा आवाज खाली आला, गिटारवरचा हात हलका झाला. ड्रमवाल्यानं गोंधळून काड्या थांबवल्या. अख्खी शेड चूप. त्या शांततेत भाऊ कुजबुजत गात राहिला, आणि आता शब्दन् शब्द ऐकू आला:

"दरवाज़ा धीरे से लगाना, कोई थककर सोया है... मैं भी इसी घर में रहता हूँ."

बंद दारामागून याची चाल ऐकून मी आपली याला प्रेमाचं गाणं समजत होते. माझे डोळे भरून आले.

बाबा दचकून उठले, थेट उभेच राहिले. "काय बंद पडलं?"

मागची पोरं हसली. बाबांनी आईच्या ओठांवरचं बोट पाहिलं, मग स्टेजवर माईक धरून उभा असलेला मुलगा पाहिला. आईनं हळूच हात खाली घेतला.

"गाणं हळू कावून म्हणून राहिला बे?" बाबा म्हणाले. "मी जागा आहो. म्हण जोरात."

भावानं टी-शर्टच्या बाहीनं तोंड पुसलं. ड्रमवाल्याला मान हलवून खूण केली आणि तेच गाणं पहिल्यापासून धरलं, पत्रे उडतील अशा आवाजात. आईनं कानातला कापूस काढून मुठीत धरला. मी बाबांची खुर्ची पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते, जागे.