अक्षरं वाचणारी ताई

स्टुडिओत तिला सगळे सुईबाई म्हणत, कारण तिथले पोशाख ती शिवायची. घरी ती ताई. नवव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. तोवर शाळा झाली होती, त्यामुळे वाचता येई, बोलताही येई; फक्त आपला आवाज चढलाय की उतरलाय, ते तिला कळत नसे. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. धाकट्या बहिणीच्या वाट्याला मात्र शाळा आलीच नाही. आजारी आईचं करता करता छोटीची अक्षरओळख राहून गेली. आईबापांमागे दोघी दोन खोल्यांत एकमेकींना धरून राहिल्या.

रविवारी दुपारचा सिनेमा ठरलेला. चित्रं मुकी; मध्येमध्ये पडद्यावर अक्षरं येत आणि ताई ती छोटीच्या कानात वाचून दाखवी. कानात कसली, चार रांगांना ऐकू जायचं! आधी लोक वैतागले. मग वाचता न येणाऱ्या बायका हटकून त्यांच्या मागची बाकं धरू लागल्या. एकदा ताईचा घसा बसला, तर मागची आजी म्हणाली, "आज आमचा सिनेमा बुडाला गं!" मध्यंतरात छोटीने ते सांगितलं, तेव्हा ताई आनंदाने बाकावर मावेना.

मग स्टुडिओत बोलपटाचं वारं आलं. नवं चित्र अर्धं मुकं, अर्धं बोलकं करायचं ठरलं. नायिकेचा रेशमी झगा मायक्रोफोनसमोर आला आणि दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला.

"ही रडतेय की पाचोळ्यातून चालतेय? सुईबाई, आवाज न करणारं कापड हवं."

दोघंतिघं तोंड लपवून हसले. बहिरीने बिनआवाजाचं कापड शोधायचं! ताईने सात-आठ तागे काढले, एकेक कापड चिमटीत धरून चोळलं. जे बोटांना खरखरलं ते बाजूला टाकलं. शेवटी खूप वेळा धुतलेलं मऊ सुती कापड निवडलं आणि दोन दिवसांत झगा उभा केला. मायक्रोफोनला त्याचा पत्ताही लागला नाही. दिग्दर्शकाने तिला हात जोडले.

चित्र लागलं त्या रविवारी ताई छोटीला म्हणाली, "आज माझा झगा बघ."

पहिला अर्धा भाग नेहमीसारखा गेला. ताई वाचत होती, छोटी मान डोलवत होती. मग झगा घातलेली नायिका खिडकीशी आली, तिचे ओठ हलले, पण पडद्यावरचे ते धूसर ओठ ताईला वाचता येईनात. ताई अक्षरांची वाट बघत राहिली. ती आलीच नाहीत. नायिकेने पाठ फिरवली. आजूबाजूचे सगळे एकदम पुढे सरकले, कुणी डोळ्यांना पदर लावला.

"काय झालं? काय म्हणाली?" ताईने विचारलं.

छोटीने पडद्यावरची नजर न काढता तिच्या तोंडावर हात ठेवला. अंधारात छोटीचे ओठ दिसत नव्हते. ताई पुढचा तासभर झग्याची शिवण बघत बसली.

घरी दिव्याखाली तिने पुन्हा विचारलं, "खिडकीशी काय म्हणाली ती?"

"म्हणाली, की मी थांबेन," छोटी म्हणाली. "पण ताई, ते तसं सांगून नाही कळायचं. आवाजच असा होता तिचा…" आणि ताईचा चेहरा पाहून ती ताटं घ्यायला उठली.

पुढचे दोन रविवार ताईने कामाचं निमित्त काढलं. तिसऱ्या रविवारी छोटी शेजारणीबरोबर गेली. जाताना तिने ताईला विचारलं, पण चप्पल अगोदरच पायात होती.

बाजारामागच्या जुन्या थिएटरात अजून मुकी चित्रं लागत. ताई तिथे एकटी जाऊ लागली. पहिल्याच दिवशी अक्षरं आली आणि सवयीने तिने मोठ्याने वाचली. पुढे बसलेल्या एका माणसाने वळून पाहिलं. त्याला वाचता येत असावं. ताईने तोंड मिटलं.

वर्षभरात त्या थिएटरातही कर्णे बसले. ताई पुढे वीस वर्षं स्टुडिओत शिवत राहिली. कुठलं कापड बोलेल, हे विचारायला लांबलांबून माणसं तिच्याकडे यायची. छोटी बोलपटांच्या गोष्टी सांगायची, आधी सविस्तर, मग थोडक्यात. ताई तिच्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "छान आहे हं." पण स्वतः शिवलेला एकही पोशाख पडद्यावर बघायला ती पुन्हा गेली नाही.