खाडीपलीकडची गिऱ्हाइके

१ जून २००९. आभाळ भरलेले, वारा पडलेला, पाऊस नाही.

ऑफिसातले किस्से बांगडा माशांसारखे. एक हाती लागला की मागून थवाच येतो! आमच्या बोट-इंजिनांच्या एजन्सीत गिऱ्हाइकांची माहिती कॉम्प्युटरवर गेली आणि थव्यांना अंत राहिला नाही.

हेड ऑफिसने नकाशावर आचऱ्याच्या खाडीतून रेघ ओढली. आमचे विक्रेते दोन: दक्षिणेची गावे बापू तांडेलांची, उत्तरेची हसनभाईंची. ज्याचे गाव, त्यालाच तिथली रेकॉर्ड दिसणार. बापू राहतात आचऱ्याला, पण त्यांची निम्मी गिऱ्हाइके समोरच्या तीरावर, मुणग्याला. सकाळी स्क्रीन उघडली तर सगळी गायब!

"माझो मेव्हणोसुद्धा दिसना नाय!" बापू ओरडले.

"माका दिसता," हसनभाई म्हणाले. "बरो आसा!"

हसलो सगळे. बापू सोडून. जूनपर्यंत त्यांच्या स्क्रीनवर गिऱ्हाइके वाढली नाहीत तर त्यांची नोकरी जाणार होती.

*

त्याच नकाशात वैभववाडीलाही इंजिने विकायचे टार्गेट होते. मी हेड ऑफिसला फोन केला, "साहेब, तिथे समुद्र नाही."

"पण सिस्टीममध्ये गाव आहे ना?"

*

हसनभाईंकडे देवगड बंदर होतेच, गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. त्यांनी मुणग्याची रेकॉर्ड एकेक करून बापूंना शेअर केली. शनिवारी हेड ऑफिसने गावांची वाटणी पुन्हा चालवली आणि सगळे शेअरिंग उडाले. सोमवारी हसनभाई पुन्हा बसले. शनिवारी पुन्हा उडाले!

"बापू, कॉम्प्युटर भरतीसारखो आसा रे. वाळूत कितीय लिव, येता नि पुसून टाकता!" हसनभाई म्हणाले.

*

मुणग्याच्या शेवंतीकाकी, दोन होड्यांच्या मालकीण, तणतणत आल्या.

"आमचो बापू खंय?"

"काकी, मुणगे आता हसनभाईंकडे."

"कोणी ठरवल्यान?"

मी समजावले. पावसाळ्यासाठी होडी ज्या गावी वर ओढून ठेवतात, ते गाव आम्ही रेकॉर्डला लावतो. त्यावरून माणूस ठरतो.

"म्हणजे होडयेचो गाव? माझो न्हय?"

"होडीचा."

काकींनी हसनभाईंकडे पाहिले. हसनभाई खिडकीबाहेर पाहू लागले. काकी चहा न घेताच निघाल्या.

*

काल रविवारी दुपारी मी आचऱ्याच्या वाळूत उभा होतो. समोरच्या तीरावरून एक होडी सुटली. मग दुसरी. मग मोजणे सोडले. मुणग्याच्या होड्या खाडी ओलांडून येत होत्या आणि अलीकडच्या वाळूवर चढत होत्या. इतकी माणसे दोरांना लागलेली मी कधी पाहिली नव्हती. बापू गुडघाभर पाण्यात नुसते उभे.

"रे बापू, बघतस काय? दोर धर!" काकी ओरडल्या.

दोराच्या दुसऱ्या टोकाला हसनभाई होते.

आज सकाळी मी रेकॉर्डमधली गावे बदलली. बापूंच्या स्क्रीनवर मुणग्याच्या एकतीस होड्या. हसनभाईंच्या स्क्रीनवर मुणग्याची एकही नाही.