स्वतःच्याच बंदिशीवर

आमच्या नगरच्या साप्ताहिकात सर मैफलींवर परीक्षणं लिहायचे आणि मी ती टाईप करायचो. एखाद्या कडक शब्दावर मी थबकलो, की खुर्चीच्या कडेवर बसल्या बसल्या म्हणायचे, "राहू द्या. खरंय ते."

ते बंदिशीही बांधत, पण कुणाला ऐकवत नसत. मिरजगावच्या एका शिक्षिकेनं हट्टानं एक मागून घेतली आणि इथल्या मैफलीत गायली. दुसऱ्या दिवशी सरांनी परीक्षण लिहून आणलं : 'गायन तयारीचं. बंदिश मात्र उसनी, अंतरा पोकळ.'

"सर, ही तुमचीच ना?"

"म्हणून काय झालं? राहू द्या."

अंक निघाल्यावर बाईंचा मला फोन आला. "दादा, लई जीव लावून बसवली होती मी. आता कुठल्या तोंडानं गाऊ?"

वर्षभरानं एका दुपारी, एका नवख्या गायकावरचा मजकूर माझ्या टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "त्या बाई गातात का हो अजून ती बंदिश?"

"नाही सर. तेव्हापासून नाहीच."

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग नुकताच ठेवलेला तो मजकुराचा कागद उचलून त्यांनी खिशात घातला आणि ते जिना उतरून गेले.