खाष्ट सासूची धून

चेन्नईत येऊन मला सतरा वर्षं झाली. जाहिराती, मालिका, मोबाइलवरचे गेम, अधूनमधून एखादा सिनेमा, जे येईल त्याला मी संगीत देतो. एखाद्या साबणाला केरळचा पाऊस हवा असतो, एखाद्या गेमला अरबस्तानचं वाळवंट. मूळचा मी मिरजेचा. वडील हार्मोनियम शिकवायचे, त्यामुळे कान लहानपणीच तयार झाला. तमिळ मात्र इथे येऊन, चुकत चुकत शिकलो.

काही वर्षांपूर्वी मला एक तमिळ मालिका मिळाली. एकत्र कुटुंब, गरीब घरची सून आणि तिला छळणारी सासू. दिग्दर्शक मला म्हणाला, "सासू दिसायच्या आधी ऐकू आली पाहिजे. स्वयंपाकघरातल्या बाईनं गॅस बंद करून टीव्हीसमोर यायला हवं."

मी एका दुपारीत ती धून केली. तोडी रागातले पाच स्वर घेतले, ट्रॉम्बोन या पितळी वाद्यावर चढवले, खाली तविल वाजवला. तविल म्हणजे इकडच्या लग्नांत सनईसारख्या नादस्वरासोबत वाजतो तो ढोल. दिग्दर्शकानं खुर्चीतून उठून माझी पाठ थोपटली.

मालिकांमध्ये संगीतकार आणि नट यांची गाठ सहसा पडत नाही. आम्ही सुरुवातीलाच पन्नाससाठ तुकडे करून देतो, मग एडिटर रोजच्या भागात हवे तिथे ते लावत जातो. त्यामुळे सासूचं काम करणाऱ्या बाईंना मी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. धून मात्र मला जागोजागी भेटू लागली. चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी फोनची रिंग म्हणून वाजायची. टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानात दोन विक्रेते मालकाला येताना पाहून ती हळूच गुणगुणले, तेव्हा मला इतका आनंद झाला की बायकोसाठी घ्यायची साडी मी भाव न करताच घेतली.

मग एका सकाळी फोन आला. पलीकडून एक बाई मराठीत म्हणाल्या, "मी तुमची सासू बोलते."

माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात आणि त्यांचा आवाज मला चांगला ठाऊक आहे. हा तो नव्हता.

"मालिकेतली," त्या म्हणाल्या. "एडिटरकडून नंबर घेतला. तुम्ही मराठी आहात असं तो म्हणाला. मीही. आम्ही तंजावरकडचे. येऊ का भेटायला?"

दुसऱ्या दिवशी त्या वडपळनीच्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर आल्या. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, साधी सुती साडी. टीव्हीवर त्या केवढ्या तरी धिप्पाड वाटायच्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं, तमिळ हेल काढून बोललेलं, आणि अडलं की सरळ तमिळवर जायचं. सेटवर सगळे त्यांना अम्मा म्हणायचे, म्हणून मीही अम्मा म्हणालो.

पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी आवडीला राहते, शहराबाहेर. यजमान तिथल्या कारखान्यातून रिटायर झाले. शूटिंगला लोकलनं येते. मी डब्यात चढले की कॉलेजच्या पोरी फोनवर तुमची धून लावतात. पहिल्यांदा मीही हसले. भाजीवाला गुणगुणतो, त्याचंही काही वाटलं नाही. इतकी वर्षं काम करते मी, लोक नावं ठेवायचेच."

"मग?"

"नातीला शाळेतून आणायला मी जाते. दुसरीत आहे. मी फाटकाशी दिसले की पोरं ती धून म्हणतात, सगळी एका सुरात. परवा ती मला म्हणाली, आजी, उद्यापासून तू येऊ नकोस, आजोबांना पाठव." मग त्या म्हणाल्या, "मालिकेत मी जे बोलते त्यातलं एक वाक्य कुणाला पाठ नाही. तुमचे पाच स्वर तेवढे सगळ्यांना येतात."

मी म्हटलं, "अम्मा, ती धून आता मालिकेची ओळख झालीय. दिग्दर्शक बदलू देणार नाही."

"बदला म्हणत नाही. एकदा नीट ऐकवा. मी ती पूर्ण कधी ऐकलीच नाही. सेटवर ती नसते, आणि घरी लागली की यजमान टीव्ही बंद करतात."

मी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "स्वर कुठून आणलेत?"

मी सांगितलं की हा आमचा तोडी. वडील पहाटे गायचे. गंभीर वाटतो, दरारा वाटतो, म्हणून घेतला.

"आमच्याकडे हे स्वर रडण्याचे," त्या म्हणाल्या. "जुन्या तमिळ सिनेमात घरात कुणी गेलं की हेच ऐकू यायचे. तुम्ही एका रडणाऱ्या बाईला धरून पळवत नेलंय. जरा चालू द्या तिला."

आणि त्यांनी ते पाच स्वर गुणगुणून दाखवले. लहानपणी त्या वीणा शिकल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक स्वर हलवत, दुसऱ्या स्वराला टेकवत, अगदी सावकाश. आवाज थोडा चिरका, वयाचा. मी चार महिने ऐकत होतो तीच धून होती ती, आणि मला ती ओळखू येईना. मी विचारलं, "माइक लावू का?" त्या म्हणाल्या, "लावा."

त्या गेल्यावर मी त्यांच्या आवाजाखाली नुसता तानपुरा ठेवला आणि तुकडा एडिटरला पाठवला. वर लिहिलं, सासू एकटी असताना. दिग्दर्शकाला काही कळवलं नाही. एडिटर रोज तेच तेच तुकडे लावून कंटाळलेला असतो, नवं काही मिळालं की तो लावतोच, एवढं मला माहीत होतं.

आठवड्याभरात तो लागला. सुनेला घालूनपाडून बोलून झाल्यावर सासू स्वयंपाकघरात येते, दिवा मालवते, पाणी पिते. लिहिणाऱ्याच्या मनात त्यात काहीच नव्हतं, दोन प्रसंगांमधला नुसता एक जोड होता. पण खाली तो आवाज आला आणि ती बाई एकदम कुणीतरी झाली. मग एडिटर तो तुकडा वारंवार लावू लागला. महिन्याभरात लेखकानं तिच्यासाठी मोठा प्रसंग लिहिला: सोळाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा तिला काय काय सोसावं लागलं, हे ती सुनेला सांगते. दिग्दर्शकाचा मला फोन आला. "लोक तिच्यासाठी रडतायत. हे कुणी सुरू केलं?" मी म्हटलं, एडिटरला विचारा.

अम्मांचाही फोन आला. लोकलमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली म्हणाल्या. शाळेच्या फाटकाशी एका बाईनं हात धरून विचारलं, सून आता तरी नीट वागते ना? नात पुन्हा त्यांच्याबरोबर घरी येऊ लागली होती. मी त्या दिवशी घरी फार खुशीत गेलो.

ती खुशी दोन-अडीच महिने टिकली. मग चॅनलच्या मंडळींनी ठरवलं की सासू मवाळ झाली, आता मालिकेला नवा खलनायक हवा. दुबईहून सुनेची धाकटी जाऊबाई आली. मला तिच्यासाठी नवी धून करायला सांगितलं. सासूला आधी काशीला पाठवलं, आणि मग एके दिवशी तिचा हार घातलेला फोटोच भिंतीवर आला. त्या प्रसंगाला एडिटरनं अम्मांचाच आवाज लावला. ते पाहताना मला बसवेना. ज्या बाईंचं काम माझ्यामुळे गेलं, त्यांच्याच गळ्यानं त्यांना निरोप दिला जात होता.

दोन दिवसांनी मी आवडीला गेलो. यजमानांनी दार उघडलं, आत बसवलं. अम्मा तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "मी गप्प बसलो असतो तर तुमचं काम राहिलं असतं."

"राहिलं असतं," त्या म्हणाल्या. ताटावरची नजर त्यांनी हलवली नाही. "वाईट वाटतंच. वाटत नाही म्हणाले तर खोटं होईल. महिन्याचे वीस दिवस मी सेटवर असायची, आता सकाळी उठून कुठं जायचं हा प्रश्न पडतो."

यजमान मध्येच तमिळमध्ये म्हणाले, "मला मात्र ती घरी बरी वाटते."

"तुम्हाला वेळेवर जेवण मिळतं म्हणून," त्या त्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे मी आले होते. मागितलं मी, तुम्ही दिलंत. पुढं ते लोक काय करतील, ते ना तुम्हाला ठाऊक होतं, ना मला. आता त्या नव्या मुलीची धून तुम्हीच करताय ना?"

"हो."

"तिला आधी भेटून या. तिच्या घरी कोण कोण आहे ते बघा."

मी भेटलो. ती मुलगी एकटीच हॉस्टेलवर राहत होती आणि तिला धून जितकी भयंकर होईल तितकी हवी होती. लोकांनी रस्त्यात ओळखावं यासाठीच तर ती मदुरैहून आली होती. मी तिला हवी तशी करून दिली.

वर्षभरानं युरोपातल्या एका कंपनीचा गेम माझ्याकडे आला. समुद्रातलं एक बेट, वस्ती उठून गेलेली, आणि तिथे त्यांना शब्दांवाचून गाणारा वयस्क बाईचा आवाज हवा होता. त्यांनी नमुना म्हणून बल्गेरियातल्या बायकांचं गाणं पाठवलं होतं. मी अम्मांना बोलावलं. त्यांनी तो नमुना दोनदा ऐकला, चित्रातली ओसाड घरं पाहिली आणि म्हणाल्या, "हे इथल्या एन्नोरच्या कोळीवाड्यासारखं दिसतंय." मग माझ्याकडे पाहून, "यांच्यासारखं मला येणार नाही. माझ्यासारखं चालेल का विचारा."

मी विचारलं. चालेल म्हणाले. आता वर्षातून तीनचार वेळा तरी त्या येतात. गेल्या आठवड्यात एका जाहिरातीचं रेकॉर्डिंग होतं. चार ओळी गाऊन त्या थांबल्या, कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "तुमचा तानपुरा उतरलाय." मी म्हटलं, अम्मा, तो कॉम्प्युटरचा आहे, उतरत नाही. त्या हेडफोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. शेवटी मी तपासून पाहिलं. मागच्या कामासाठी मी तो किंचित खाली घेतला होता आणि परत वर आणायचा विसरलो होतो.