बिनमिठाचा बर्फ

रुकय्याआपा सकाळी दवाखान्यात आली की आधी कुणाशी बोलायची नाही. बुरखा खुंटीला अडकवायची, चष्मा पुसायची आणि लसींच्या फ्रीजच्या दारावर तळवा टेकवून क्षणभर उभी राहायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तशी. तापमानाचा काटा ती त्यानंतर बघायची. मग वळून आम्हाला सलाम करायची. मी घाटावरून बदली होऊन आलेली नर्स. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई फ्रीजची पूजाबिजा करते की काय!

मुरुडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या सरकारी दवाखान्याचं औषधांचं कोठार तिच्या ताब्यात होतं. कोठार म्हणजे एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि तो फ्रीज. औषधं अलिबागहून यायची आणि यायची तेव्हाच यायची. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की आपा सगळ्यांना थोड्या थोड्या द्यायला लागायची. महिन्याच्या गोळ्या नेणारा माणूस आठवड्याच्या घेऊन कुरकुरत जायचा. "रस्सा पातळ चालेल," ती म्हणायची, "पन ताट रिकामा नाय उठला पायजे." मधल्या काळात म्हसळ्याच्या दवाखान्यात फोन करून ती उसन्या गोळ्या मागवायची. त्या पिशवीतून एसटीने यायच्या. कंडक्टर पिशवी खिडकीतूनच द्यायचा आणि वर स्वतःच्या सासूच्या गुडघ्यांसाठी औषध विचारून घ्यायचा.

तिचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. "दवा म्हंजे मासळी. मासळी बिघडली तर मांजरपन सांगतंय. दवा बिघडली तर कोन सांगनार?" मुदत संपलेलं औषध ती हळहळत बाजूला काढायची, पण काढायचीच. हे गावाने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेलं आहे, अमानत आहे, असं तिला वाटायचं. या अमानतीपायी ती वेळप्रसंगी फार कठोर व्हायची. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही.

मग ते वादळ आलं. खांब आडवे झाले, रस्त्यावर माडांचा खच पडला, वीज गेली ती गेलीच. जनरेटरचं डिझेल संपलं. आपा फ्रीजच्या दाराला खुर्ची लावून बसली आणि डॉक्टरांनाही दार उघडू देईना. शेवटी आतला गारवा ओसरू लागला, तेव्हा तिने लहान मुलांच्या घटसर्प-धनुर्वाताच्या लसी शीतपेटीत भरल्या आणि बंदरावर हिराबाईकडे नेल्या. हिराबाई कोळीण, मासळीची मोठी व्यापारीण. त्या दिवसांत अख्ख्या गावात बर्फ उरला होता तो तिच्याकडे. आपा तिथे पोचते न पोचते तोच निरोप आला, घराची भिंत पडली आणि सासूबाई आत आहेत. आपा पेटी हिराबाईच्या हातात देऊन धावली. जाताना एवढंच म्हणाली, "थंड ठेव गं, जिवापाड."

हिराबाईने जिवापाडच ठेवल्या. मुंबईला पाठवायचं पापलेट जसं भरतात, तशा. बर्फ कुटला, बाटल्या त्यात खोचल्या, मिठाने बर्फ आणखी थंड होतो म्हणून वरून जाडं मीठ पेरलं. सासूबाई सुखरूप निघाल्या आणि दुपारी आपा परत आली, तेव्हा बाटल्यांतलं औषध गोठून दगड झालं होतं.

दवाखान्यात आयांची रांग लागली होती. झाडं ओलांडत, चिखल तुडवत त्या लेकरं घेऊन आल्या होत्या. रांगेत हिराबाईची सून होती, तिच्या कडेवर हिराबाईचा नातू. तोवर बाटल्या वितळल्या होत्या आणि दिसायला पहिल्यासारख्याच दिसत होत्या. रस्ता कधी खुला होईल कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्यातलंच कुणीतरी हळूच म्हणालं, देऊन टाकूया, काही नसण्यापेक्षा बरं. आपाने एक बाटली हलवून खिडकीच्या उजेडात धरली. औषधात कण तरंगले आणि तळाशी बसले. एकदा गोठलेली ही लस पाण्यासारखी, तिच्यात राखण्याची ताकद उरत नाही, हे तिने रांगेला समजावून सांगितलं. हिराबाई दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपा सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "तुझा गुनाह नाय. थंड म्हंजे किती थंड, ते मी सांगितलाच नाय."

आया रिकाम्या हातांनी परत गेल्या. काहीजणी आपाला नको ते बोलून गेल्या, तिने ऐकून घेतलं. वरिष्ठांना खुलासा गेला, त्यात हिराबाईचं नावसुद्धा नव्हतं. नवी लस येईपर्यंत आपाला जेवण गेलं नाही. ओसरीवर एखादं पोर खोकलं की ती हातातली गोळ्यांची पाकिटं टाकून बाहेर धावायची. लस आली तेव्हा आम्ही दोघी घरोघर फिरलो. शेवटचं पोर टोचून झाल्यावर आपा बांधावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. त्या देवमाणसाला त्या दिवशी मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

हिराबाईने मात्र दवाखान्याची वाट सोडली होती. आपा स्वतः तिच्या अंगणात जाऊन बसली. बर्फाची बंद पाकिटं बाहेर ठेवायची, त्यांना घाम फुटू द्यायचा आणि मगच लसीशेजारी लावायची, हे तिने हिराबाईला शिकवलं. हिराबाईने तिला जवळा-भाकरी वाढली. त्यानंतर कधीही वीज गेली की हिराबाई न बोलावता बर्फ घेऊन हजर व्हायची. आपा चष्म्यावरून बघत विचारायची, "मीठ?" हिराबाई म्हणायची, "नाय टाकला." मग दोघी हसायच्या. कित्येक वर्षं हे चाललं.

आपा निवृत्त झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात हृदयविकाराने गेली. मुलगा कतारला. एरवी दफन लगेच करतात, पण आईचं तोंड त्याला एकदा दिसावं म्हणून घरच्यांनी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. उकाडा तर जीव घेत होता. बायका कुराण वाचत बसल्या होत्या, मी पायाशी होते. तेवढ्यात दारातून हिराबाई आत आली. मागे दोन माणसं बर्फाच्या लाद्या घेऊन. बायकांनी वाट करून दिली. हिराबाईने आपल्या हातांनी लाद्या आपाच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि वर चादर सारखी केली. मग सकाळी आपा फ्रीजवर ठेवायची तसा तिच्या कपाळावर तळवा टेकवला.

थोडा वेळ ती तशीच थांबली, कुणी काही विचारील म्हणून थांबावं तशी. मग स्वतःच वाकून कानाशी म्हणाली, "मीठ नाय टाकला, आपा."